समोरचा किती लांब

१

बातमी आली तेव्हा ताई भांडी पुसत होती. हातातलं फडकं ओलंचिंब झालं म्हणून ती दुसरं घ्यायला वळली आणि ओट्यावरचा मोबाइल थरथरला. हात ओले होते म्हणून तिनं तो स्पीकरवर लावला.

तिला ताई म्हणायला सुरुवात केली ती धाकट्या भावानं, बोबडं बोलायच्या वयात. पुढे त्याचं ऐकून प्रकल्पातले सगळेच तिला ताई म्हणू लागले. त्यातले कित्येक तिच्याहून वयानं मोठे होते आणि एकालाही तिनं समोरासमोर पाहिलं नव्हतं. ठिकठिकाणी विखुरलेली ही माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळत. फुकट वाटायची, कोणीही उघडून आत डोकवावं अशी. फोन करणारा त्यांचा मुकादम. कोणाचा कोड आत घ्यायचा आणि कोणाचा बाहेर काढायचा हे तो बघायचा, म्हणून ते नाव पडलं होतं.

"ताई, दोन मिनिटं आहेत का?"

"तू दोन मिनिटं म्हणालास की मी खुर्ची ओढूनच घेते. बोल."

"मोडेमचे ड्रायव्हर काढायचं ठरतंय."

ताईनं खरंच खुर्ची ओढली. ड्रायव्हर म्हणजे मोडेमकडून काम करून घेणारे प्रोग्राम, आणि ते तिनं लिहिलेले होते.

"कोण वापरतं म्हणतात सगळे," मुकादम सांगत होता. "फोनच्या तारेवरून शिट्ट्या मारत कॉम्प्युटरशी बोलायचं, हे आता पोरांना सांगितलं तर हसतात हो."

"तो धरणावरचा माणूस वापरतो. पाण्याची पातळी तसाच कळवतो तो. दुसरं काही पोचतच नाही तिथं."

"एक धरणवाला. बरं. पण कोड तपासलेला नाही, हे तर खरं ना? गेल्या हिवाळ्यापासून एकदाही नाही."

गेल्या हिवाळ्यात धाकटा गेला होता. मुकादमालाही ते बोलल्यावर जाणवलं असावं, कारण तो खाकरला.

"मी अडवून धरलंय महिनाअखेरपर्यंत. एक चाचणी दाखवा. खऱ्या तारेवर, खऱ्या मोडेमनं. लिहिणारीचं नाव तुमचं आहेच. तपासणाऱ्याचं नाव हवं. ते एकाचंच नाही चालत, तुम्हाला माहितीये."

माहीत होतं. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या कोडवर तपासल्याची सही करायची नाही, हा प्रकल्पातला जुना दंडक होता. इतकी वर्षं ती लिहायची आणि धाकटा तपासायचा. इथून तिचं मोडेम फोन करायचं, नदीपलीकडच्या त्याच्या खोलीतलं मोडेम उचलायचं.

"आता कुठून आणू रे दुसरा?"

"कोणीही चालेल, ताई. समोर कोणीतरी असलं म्हणजे झालं."

आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कोण गं?"

"मुकादम."

"त्याला म्हणावं दोन घास जास्त खा. आवाज पार खोल गेलाय त्याचा."

२

मागची खोली त्या ड्रायव्हरसाठीच ठेवलेली होती असं म्हटलं तरी चालेल. एक टेबल, जुना कॉम्प्युटर, भिंतीत फोनचं सॉकेट. घरी तारेचा फोन कधीच बंद करून टाकता आला असता, तो ठेवला होता या कामासाठी आणि आईसाठी. आईच्या पलंगाशेजारी त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता. रोज दुपारी चहा झाला की त्यावरून ती धाकट्याला फोन करायची. आता करत नसे. कधीतरी नुसता उचलून कानाला लावायची आणि परत ठेवून द्यायची.

दाराशेजारी कपाट, आणि कपाटावर एक खोकं. त्यात धाकट्याच्या खोलीतून आणलेलं त्याचं मोडेम होतं, त्याच्याच स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. त्याची तार ताईनं स्वतः गुंडाळून रबर बँड लावून ठेवली होती. त्या तारेला जागोजागी पीळ पडले होते. फोनवर बोलताना बोटाला तार गुंडाळत बसायची त्याला सवय होती. त्यानं वापरलेली एकही तार सरळ राहिली नव्हती आणि त्यावरून आईची बोलणी त्यानं जन्मभर खाल्ली.

त्या दुपारी ताईचा बेत साधा होता. तपासणारा शोधायच्या आधी आपलं मोडेम फोन तरी लावतंय का ते बघायचं. पलीकडे कोणी उचलणार नाही, मोडेम थोडा वेळ वाट बघेल आणि सोडून देईल. तेवढं दिसलं तरी पुरे. तिनं चाचणीचा जुना प्रोग्राम सुरू केला आणि खिडकी लावायला उठली.

मागे मोडेमनं लाइन घेतली. नंबराचे सूर एकामागून एक वाजले. मग घंटी. पलीकडची घंटी, लांबून येते तशी. आणि मग कोणीतरी उचलल्याची शिट्टी.

ज्या मोडेमला फोन येतो तेच ही शिट्टी देतं. लांब, सपाट, एका सुरातली. ताईचा हात खिडकीच्या कडीवरच राहिला. शिट्टीला तिच्या मोडेमनं उत्तर दिलं, दोघांची ती खरखर, ती घासाघीस झाली आणि सगळं शांत झालं. जोडलं गेलं होतं.

तिनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. चाचणी बिनबोभाट चालली होती. इथून मजकूर जायचा, समोरचा तो जसाच्या तसा परत पाठवायचा, दोन्ही जुळले की झालं. जुळत होते. एका अक्षराचा फरक नव्हता.

नंबर कोणता लावला हे तिच्या डोक्यात आलं ते त्यानंतर. प्रोग्राममध्ये कायमचा लिहून टाकलेला एकच नंबर होता. तो बदलायचं तिला सुचलंच नव्हतं. सुचणार कसं? दुसरा नंबर लावायची वेळच कधी आली नव्हती.

नंबर दुसऱ्या कोणाला दिला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कोणाकडे फॅक्सचं यंत्र असेल. पण फॅक्सचं यंत्र आपला मजकूर आपल्याला परत करत नाही.

शेवटी ती नेहमीची ओळ उमटली: समोरचा किती लांब.

ही धाकट्याची गंमत. फोनच्या तारेवर आपलाच आवाज पलीकडून आपटून परत येतो. त्याला किती वेळ लागतो ते ड्रायव्हरला मोजावंच लागतं, नाहीतर तो स्वतःच्या आवाजालाच समोरच्याचा आवाज समजून बसेल. धाकट्यानं त्या वेळेवरून अंतर काढून छापायची सोय करून ठेवली होती. ताई म्हणायची, काढून टाक, कोणाच्या कामाचं नाही ते. तो म्हणायचा, "राहू दे गं. कोण किती लांब आहे ते तरी कळतं."

आज त्या ओळीत जो आकडा होता, तेवढी तार पृथ्वीभोवती गुंडाळली तर कितीतरी वेढे बसले असते आणि तरी उरली असती.

ताईनं पडदा बंद केला आणि खोलीबाहेर येऊन दार ओढून घेतलं. चहा टाकला.

फोन ठेवायचा राहिला.

त्याचाही एक नियम होता. जो फोन करेल त्यानंच ठेवायचा. उचलणाऱ्यानं आधी ठेवला तर त्यांचा ड्रायव्हर अडकून बसायचा, कितीही डोकेफोड केली तरी तो दोष निघाला नव्हता. म्हणून चाचणी संपली की ती टाइप करायची, "ठेवते." तो लिहायचा, "ठेव." मग ती ठेवायची.

३

"फोन मेलाय," दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली. "मेलाय म्हणजे अगदी मेलेलाही नाही. आत कोणीतरी फू फू करतंय."

मागच्या खोलीत जाऊन बघण्याऐवजी तिनं लाइनमनला बोलावलं. माणूस ओळखीचा होता. खांद्याला हातोडी-पक्कडीची पिशवी, कमरेला तपासायचा फोन लटकलेला, आणि घरात शिरताच चहा आहे का हे विचारण्याइतका मोकळा.

"तुमच्यासारख्या दोन-तीन घरांसाठी ठेवलंय मला," तो जिना चढत म्हणाला. "तुम्ही फोन काढलात की मी घरी बसायला मोकळा. काय होतंय?"

त्यानं भिंतीतलं सॉकेट उघडून आपला फोन लावला, ऐकलं आणि हसला.

"काही बिघाड नाही हो. लाइन चालू आहे. तुम्ही बोलताय कोणाशी तरी."

"कोणाशी?"

"ते तुम्हाला माहीत, बाई!"

ताईनं नंबर सांगितला. त्याचं हसू मावळलं. तो खाली गेला. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या खांबाला जोडण्यांची पेटी होती, तिथे बराच वेळ खटपट करत राहिला. ताई खिडकीतून बघत होती. तिथून त्यानं नदीपलीकडच्या टेलिफोन कचेरीत कोणाशी तरी बोलून घेतलं. वर आला तेव्हा कपाळ पुसत होता.

"तो नंबरच नाही आता. मी हातानं लावून बघितला, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून टेप लागते. तुमच्या भावाची ना ती खोली? तिथली जोडणी मीच तोडलीये. या हातांनी. टोकं टेप लावून बंद केलीत."

"मग माझी लाइन जोडली कुठे आहे?"

"मी फक्त अलीकडची बाजू बघतो हो." त्यानं पुन्हा फोन कानाला लावला. या वेळी जास्त वेळ. मग तो पटकन बाजूला घेतला आणि शर्टाला पुसला, कानाचा भाग नीट घासून पुसला.

"काय ऐकलंत?"

"काय ऐकणार? तारेत हवा असते." पिशवी उचलून तो दारापर्यंत गेला. चहा तयार होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. "तुम्ही ठेवून टाका, बाई. तुम्ही लावलाय ना? मग तुम्हीच ठेवा."

तो गेल्यावर ताईनं मागच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला. कालची जोडणी तशीच होती. समोरच्याच्या अंतराची ओळ पुन्हा पुन्हा छापून आली होती आणि प्रत्येक ओळीतला आकडा आधीच्यापेक्षा लहान होता.

फोन ठेवायला हवा होता तो याच वेळी. एक आज्ञा लिहायची आणि बटण दाबायचं. पण ताईची सगळी उमर दोष शोधण्यात गेलेली. क्वचित दिसणारा दोष तावडीत सापडला की त्याला हलवायचं नसतं, प्रोग्राम बंद करायचा नसतो, नाहीतर तो पुन्हा दिसेल याची खात्री नाही. आकडा चुकीचा, म्हणजे मोजण्यात चूक. कुठेतरी बेरजेचा घोळ असणार. त्याचा उलगडा होईपर्यंत कोणाच्या नावानं सही करणार?

असं तिनं स्वतःला समजावलं आणि जोडणी चालू ठेवली.

४

आकडा उतरत राहिला. धावत नव्हता, चालल्यासारखा उतरत होता. कधी तासभर एकाच ठिकाणी राही, दम खायला थांबल्यासारखा, आणि मग पुन्हा उतरे. ताईनं ड्रायव्हरचा तो भाग, धाकट्यानं लिहिलेला तेवढाच, पहिल्या ओळीपासून वाचून काढला. फाइलच्या माथ्यावर धाकट्याचं नाव होतं. प्रत्येक वेळी फाइल उघडली की आधी ते दिसायचं. मग त्याचं गणित. ते बरोबर होतं. त्याचं गणित नेहमीच बरोबर असायचं, स्पेलिंग तेवढं चुकायचं.

एका दुपारी आकडा थांबला आणि पुढे उतरेना.

ताईनं पाहिलं. हा आकडा तिला तोंडपाठ होता. वर्षानुवर्षं प्रत्येक चाचणीच्या शेवटी हाच यायचा. इथून खांबावरच्या पेटीत, पेटीतून पुलाखालून नदीपार कचेरीत, आणि तिथून त्याच्या खोलीपर्यंत. शेवटच्या अंकासकट तोच.

ती खुर्चीत बसली. टेबलावर ऊन होतं. शेजारच्या घरात कोणीतरी गाद्या झटकत होतं. ताईनं टाइप केलं:

आहेस का?

ओळ लगेच परत आली. आहेस का?

चाचणीच ती. समोरचा मिळालेलं परत पाठवतो, यापेक्षा त्यात काही नाही, हे तिला कळत होतं. तरी तिनं पुन्हा लिहिलं. आई बरी आहे. आई बरी आहे. खोली रिकामी केली मी, तुझा स्वेटर ठेवलाय. खोली रिकामी केली मी, तुझा स्वेटर ठेवलाय.

ती बराच वेळ लिहीत बसली. गेल्या हिवाळ्यापासून जे कोणाशी बोलली नव्हती ते सगळं. अक्षर न अक्षर परत येत होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात आली तेव्हा ती गुणगुणत होती.

"काय झालं गं?" आईनं विचारलं. "बऱ्याच दिवसांनी तोंड हसरं दिसतंय."

"काही नाही. काम जमतंय."

मुकादमाचा फोन आला तेव्हाही ती म्हणाली, "मिळेल बहुतेक तपासणारा."

"कोण हो?"

"सांगते. आधी नीट होऊ दे."

५

तिचा अंदाज होता की तो तिथेच राहील. म्हणजे आकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पडदा सुरू केला तर तो आणखी खाली गेला होता.

तारेचं अंतर रस्त्याच्या अंतरासारखं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही ती मनात मोजत होती. हा पूल. ही पुलाच्या अलीकडची शाळा. हे औषधाचं दुकान. आकडा वाचायचा आणि खिडकीतून खाली बघायचं. रस्त्यावर सकाळची माणसं होती, एक बाई कुत्र्याला ओढत नेत होती, पोस्टमन सायकल भिंतीला टेकवत होता. कोणी वर बघत नव्हतं.

धाकटा त्याच्या खोलीत असला तर तो धाकटा होता. त्या खोलीतून उठून इकडे यायला लागलेलं कोण, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तो कधी असा आला नव्हता. आधी कळवल्याशिवाय तर नाहीच.

तिनं टाइप केलं:

ठेवते.

पडदा कोरा राहिला.

आतापर्यंत लिहिलेला प्रत्येक शब्द परत आला होता, हा एकच आला नाही. ताई "ठेव"ची वाट बघत बसली. त्याशिवाय तिनं आयुष्यात कधी फोन ठेवला नव्हता. ठेवायची आज्ञा लिहायला बोटं कळांवर होती आणि हलत नव्हती. हे शहाणपणाचं नाही हे दिसत असूनही माणूस कड्याच्या कडेला उभा राहतो, तशी ती बसून राहिली.

आणि तेवढ्यात आईच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला.

"हॅलो? अरे बोल की. हॅलो?"

पूर्वी आईनं मधेच फोन उचलला की जोडणी तुटायची. धाकटा इथे राहायचा तेव्हा घर डोक्यावर घ्यायचा, "आई, ठेव! ठेव म्हटलं ना!" आता जोडणी तुटली नाही. आकडा फक्त एकदम खाली आला.

ताई धावत गेली. आई पलंगावर ताठ बसली होती, फोन कानाला लावून. आईचं डोकं या वयातही लख्ख होतं. रोजचं शब्दकोडं ती पेननं सोडवायची आणि ताईच्या चुका काढायची. तिनं हातानंच ताईला थांबवलं.

"बाळा?" ती फोनमध्ये म्हणाली. मग ऐकत राहिली.

ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. आधी ओठ हलले, मग मिटले. तिनं बोलायच्या बाजूवर तळहात घट्ट दाबून धरला आणि अगदी हळू म्हणाली,

"हा आपला नाही."

"आई, ते मशीन आहे. माझं काम चाललंय तिकडे. तुझंच बोलणं परत येतंय."

"मला शिकवू नकोस. आपला कधी ऐकून घ्यायचा का माझं? मी एक बोलले की त्याची चार उत्तरं तयार. हा नुसता ऐकतोय." तळवा तिनं काढला नव्हता. "मी बाळा म्हटलं. तोही बाळा म्हणाला. माझ्या आवाजात. मग मी गप्प बसले, तरी तो पुन्हा म्हणाला. आणि या वेळी मी म्हटलेलंच नव्हतं."

ताई पलंगाजवळ आली.

"त्याला दम लागलाय," आई म्हणाली. "जिना चढल्यासारखा. जा, आधी दार लाव."

६

ताईनं पुढचं दार लावलं, वरची कडी घातली. जिन्यात कोणी नव्हतं. निदान डोळ्याला दिसेल असं कोणी नव्हतं.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि भिंतीतून तार उपटली.

तिच्या हातात तारेचं टोक होतं. सॉकेट रिकामं होतं. पडद्यावर अंतराची नवी ओळ उमटली. मग आणखी एक. दुसरीतला आकडा इतका लहान होता की तो मीटरमध्ये छापायची सोय धाकट्यानं केली होती हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. जिन्याइतका. मग मधल्या खोलीइतका. त्यानंतर ती ज्या खुर्चीला धरून उभी होती तिथून दारापर्यंत असेल तेवढा.

दाराशेजारी कपाट होतं.

शिट्टी वाजली.

उचलल्याची शिट्टी, लांब, सपाट, एका सुरातली. आजवर ती तिनं तारेतून ऐकली होती, लांबून आल्यासारखी. तीच आता खोलीत होती, कपाटावर, खोक्यात, स्वेटरच्या आत दबलेली. त्या मोडेमला वीज नव्हती. त्याला कॉम्प्युटर जोडलेला नव्हता. आणि ती डबी स्वतः बहिरी-मुकी असते, ऐकणं-बोलणं सगळं ड्रायव्हर करतो, हे ताईइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

टेबलावरच्या तिच्या मोडेमनं शिट्टीला उत्तर दिलं.

ताईनं मान वर केली. खोक्याची झाकणं थोडी उघडी होती. त्यांच्या फटीतून राखाडी तार बाहेर आली होती. तिनं गुंडाळून रबर बँड लावलेली, ती. तार कपाटाच्या कडेवरून खाली उतरून कपाट आणि भिंत यांच्यातल्या अरुंद जागेत गेली होती. सैल लोंबत नव्हती. ताणलेली होती, पलीकडून कोणी धरल्यासारखी.

ती बघत असतानाच तार हलली. एकदा हळूच ओढली गेली, बाही ओढून कोणाला हाक मारावी तशी.

कपाटामागच्या त्या फटीत अंधार होता. पण खिडकीतून ऊन येत होतं आणि त्याची एक कड आतपर्यंत पोचत होती. जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात जिथे येईल, त्या उंचीवर तार कशाला तरी वेढे घालून वळली होती. सावकाश, रिकामटेकडेपणानं, एकेक वेढा वाढत होता.

ताईनं कॉम्प्युटरची वीज बंद केली. पडदा विझला. शिट्टी थांबली. ती कपाटाकडे पाठ न करता, भिंतीला धरून, बाजूबाजूनं दारापर्यंत आली आणि बाहेर पडून तिनं दाराला कुलूप घातलं.

आई अजून तशीच बसली होती. फोनवरचा तळवा तिनं काढला नव्हता. ताईनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

७

महिनाअखेरीला मुकादमाचा फोन आला.

"नाव सांगा, ताई. उद्या यादी बंद होतेय. तपासणाऱ्याचं नाव तेवढं टाकायचंय."

ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिनं चिमटा तोंडातून काढला.

"नाही मिळाला कोणी."

"अहो, त्या दिवशी म्हणालात की—"

"समोर कोणी नव्हतं. काढून टाक."

"त्यांचंही नाव जाईल मग. फाइलबरोबर."

"माहीत आहे मला."

ड्रायव्हर निघाले. नव्या आवृत्तीत त्या फाइली नाहीत आणि कोणत्याही फाइलच्या माथ्यावर धाकट्याचं नाव नाही. धरणावरच्या माणसाचा निरोप आला, जुनीच आवृत्ती चालवत राहीन म्हणाला, आणि इतकी वर्षं सांभाळलंत याबद्दल तुम्हा दोघांचे आभार. दोघांचे, हे वाचून ताई स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिली.

आईचा पलंग आता पुढच्या खोलीत आहे. तिच्या शेजारचा फोन ताईनं काढून टाकला. लाइनमनला बोलावून घराची जोडणीही खांबावरून तोडून घेतली. तो वर आला नाही, खालूनच हात करून गेला.

आईचं रोजचं तसंच चाललं आहे. शब्दकोडं सोडवते, मुकादमाच्या तब्येतीची चौकशी करते. मात्र दुपारी चहा झाला की तिचं बोलणं मधेच थांबतं आणि ती मागच्या खोलीच्या दाराकडे कान देते. मग ताई रेडिओ मोठा करते.

वीज बंद केली, तार उपटली, जोडणी तोडली. यातलं काहीही म्हणजे फोन ठेवणं नव्हे, हे ताईला कळतं. ठेवायचा तर कुलूप काढावं लागेल, त्या खुर्चीत बसावं लागेल, पडदा सुरू करावा लागेल, आणि आज्ञा लिहायच्या आधी समोरचा किती लांब आहे ती ओळ वाचावी लागेल.

फोन तिनं केला होता. तो ठेवायचा अजून राहिला आहे.